बोटीचं इंजिन आणि ‘प्लॅटिनम’

ज्यांनी कधी काळी लँब्रेटा, बजाज किंवा राजदूत चालवली आहे त्यांना ‘प्लॅटिनम गेलं’ हे वाक्य सांगायला नको. किक मारून मारून पाय भरून यायचा, गाडी मात्र ढिम्म. मग ती ढकलत गॅरेजपर्यंत न्यायची. मेकॅनिक प्लग काढणार, इंजिनाला टेकवून एक किक मारणार आणि मान हलवून म्हणणार, ‘‘करंट नाही सर, प्लॅटिनम गेलं.’’ पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. प्लॅटिनम म्हणजे सोन्याच्या तोडीचा धातू, आणि पगाराची तारीख तर अजून लांब! प्रत्यक्षात ती वस्तू असायची बोटाच्या पेराएवढी, पत्र्याची, थोड्याशा रुपयांत मिळणारी. तिच्यात प्लॅटिनमचा कणही नसे.

मग हे नाव आलं कुठून? ते खोटं नाही, जुनं आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या भागाच्या टोकांना खरोखरच प्लॅटिनम किंवा प्लॅटिनम-इरिडियम लावत. दोन टोकं मिनिटाला हजारो वेळा एकमेकांना टेकतात आणि सुटतात, सुटताना तिथे बारीक ठिणगी उडते, आणि ती सोसायला न गंजणारा, न वितळणारा धातू हवा असे. जगातलं बहुतेक प्लॅटिनम तेव्हा रशियाच्या उरल पर्वतातून येई. पहिलं महायुद्ध झालं, रशियात क्रांती झाली, प्लॅटिनमचा भाव आकाशाला भिडला आणि कारखानदार टंगस्टनकडे वळले. धातू बदलला, नाव राहिलं. आपल्याकडचे उस्ताद ते ‘पलाटीन’ असं उच्चारतात. रशियातल्या उलथापालथीची एक खूण नांदेडच्या देगलूर नाक्यावर, ऑइलने काळ्या झालेल्या बोटांत शिल्लक राहावी, हे इतिहासाच्या मास्तराला मोठं गमतीचं वाटतं.

मी यंत्राचा माणूस नव्हे. बी.ए. झालो तो इतिहास घेऊन, आणि आयुष्यभर शिकवला तोही इतिहास-भूगोलच. या पलाटीनच्या मागे मी लागलो तो गोदावरीतल्या एका बोटीच्या मोटरीमुळे. ती हकिकत पुढे सांगतोच, पण आधी ठिणगीची गोष्ट सांगायला हवी. नाहीतर त्या दुरुस्तीत विशेष काय होतं ते कळणार नाही.

इंजिनात इंधन आणि हवा कोंडली की ती पेटवायची कशी, हा प्रश्न इंजिन बनवणाऱ्यांना फार छळत होता. फ्रान्समध्ये लन्वार यांनी १८६० साली विजेची ठिणगी वापरून इंजिन चालवून दाखवलं, पण बॅटऱ्या आणि कॉइल यांचा भरवसा नव्हता. जर्मनीत ऑटो यांनी १८७६ च्या आपल्या प्रसिद्ध इंजिनात सरळ ज्योतच वापरली. डाइमलर यांनी तिसरी युक्ती काढली. सिलिंडरच्या डोक्यात एक नळी बसवायची, बाहेरून दिव्याने ती लालभडक तापवायची आणि तिच्या उष्णतेने आतला वायू पेटवायचा. ही नळी कधी कधी प्लॅटिनमची असे. (पहा, इथेही प्लॅटिनम!) कार्ल बेंझ यांनी विजेचाच हट्ट धरला. पुढे त्यांनीच ठिणगीच्या प्रश्नाला सगळ्या प्रश्नांचा प्रश्न म्हटलं.

डाइमलर यांनी १८८६ साली आपलं इंजिन एका होडीत बसवून नेकर नदीवर चालवलं. लोकांना पेट्रोलची भीती वाटे. पेट्रोल, तेही उघड्या ज्योतीशेजारी, आणि खाली पाणी! स्फोट झाला तर पळायचं कुठे? तेव्हा त्यांनी होडीच्या कडेने तारा आणि चिनी मातीच्या चिमण्या लावून ती विजेवर चालते असा देखावा केला, असं सांगतात. ती होडी विजेवर चालत नव्हती, आणि तिच्यात विजेची ठिणगीसुद्धा नव्हती.

उत्तर सापडलं ते श्टुटगार्टमधल्या रॉबर्ट बॉश यांच्या कार्यशाळेत. त्यांनी १८८७ मध्ये एका जागी बसवायच्या इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला आणि १८९७ मध्ये तो गाडीवर बसवला. १९०२ मध्ये त्यांचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग असा संच तयार केला, आणि बॅटरीची गरजच संपली. आजही बॉशच्या ड्रिल मशीनवर वर्तुळातली जी खूण दिसते, ती या मॅग्नेटोच्या आतल्या फिरणाऱ्या भागाची आकृती आहे. होनोल्ड यांनीच ती १९१८ साली काढली. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये वापरात असलेले मॅग्नेटो जवळजवळ सगळे जर्मन बनावटीचे होते. विमानं, ट्रक, मोटारसायकली ब्रिटिशांच्या आणि त्यांतली ठिणगी शत्रूची! घाईघाईने देशात कारखाने उभे करावे लागले. शाळेच्या पुस्तकात आम्ही खंदक शिकवले, तह शिकवले, पण हे कधी शिकवलं नाही.

आता हा मॅग्नेटो काम कसा करतो ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. सायकलचा डायनामो आठवा. चुंबक फिरला की शेजारच्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. इंजिनाच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, चुंबक बसवलेले असतात. मेकॅनिक त्या अख्ख्या चाकालाच ‘मॅग्नेट’ म्हणतात. आत कॉइल असते, तिच्यात थोड्या वेढ्यांची जाड तार आणि हजारो वेढ्यांची केसासारखी बारीक तार. जाड तारेतला प्रवाह आपल्या पलाटीनमधून वाहत असतो. नेमक्या क्षणी पलाटीन उघडतं आणि वाहता प्रवाह एकदम तुटतो. नळ जोरात चालू असताना चटकन बंद केला तर पाइप धाडकन हादरतो ना, तसंच. तो हादरा बारीक तारेत हजारो व्होल्टचा होतो आणि प्लगच्या टोकावर फट ओलांडून उडी मारतो. सोबत एक कंडेन्सर असतो, छोट्या डबीएवढा. पलाटीन उघडताना होणारा धक्का तो स्वतःत सामावून घेतो. तो बिघडला की पलाटीनची टोकं जळून निळी-काळी पडतात.

सगळी मेख वेळेची आहे. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या किंचित आधी पडायला हवी. फार लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देतं, उशिरा पडली तर जीव नसल्यासारखं चालतं. ही वेळ राखतात दोनच गोष्टी. एक, फ्लायव्हील दांड्यावर नेमक्या जागी बसवणारी अर्धचंद्राच्या आकाराची चिमुकली चावी. दुसरी, पलाटीनच्या पात्याची टाच. ही टाच कॅमच्या उंचवट्यावर घासत असते. उंचवटा आला की टाच उचलली जाते आणि टोकं उघडतात. किती उघडतात? साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. टाच झिजली की फट कमी होते, फट कमी झाली की ठिणगी मरते.

होडीच्या मागे अडकवायचं इंजिन, ज्याला आउटबोर्ड म्हणतात, ते लोकप्रिय केलं नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी. प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला तळ्यावर वल्ही मारत गेले आणि येईपर्यंत ते वितळलं, म्हणून मोटरीची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीचं काय ते असो, १९०९ मध्ये त्यांनी विकायला काढलेलं इंजिन दीड अश्वशक्तीचं आणि २८ किलो वजनाचं होतं, एका माणसाने उचलून होडीला लावावं असं. पुढे अशा छोट्या इंजिनांत फ्लायव्हीलमधला मॅग्नेटो हीच सर्वसाधारण रीत झाली. तीच रीत मोपेडमध्ये, स्कूटरमध्ये, पाणी उपसायच्या पंपात आणि फवारणीच्या यंत्रात आली. म्हणजे अमेरिकेच्या तळ्यावरची होडी आणि आमच्या वजिराबादेतली स्कूटर या नात्याने चुलत बहिणी.

मराठवाड्यात मात्र ही बहीण उशिरा आली. माझं गाव मांजरा काठचं, आजच्या लातूर जिल्ह्यातलं (तेव्हा हा जिल्हा नव्हता, तो झाला १९८२ साली). लहानपणी विहिरीवर मोट होती. मोटेनंतर आलं ते डिझेल इंजिन. पुण्याजवळ खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला आणि हळूहळू त्यांचा आवाज आमच्या शिवारापर्यंत पोचला. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारायचं, वेग आला की खटका पाडायचा. फट्, फट्, फटफटफट. या इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबली जाते की ती आपणच तापते आणि डिझेल आत पडताक्षणी पेट घेते. त्यामुळे आमच्या खेड्यांतल्या इंजिन मिस्त्रींना नोझल, पंप, रिंगा यांचं ज्ञान पुष्कळ, पण ठिणगीचं काहीच नाही. कोकणातल्या मासेमारीच्या मोठ्या होड्यांतही बहुतेक डिझेलच. बिचाऱ्या ठिणगीला खारी हवा सोसत नाही.

ठिणगीचं ज्ञान आमच्याकडे शहरात आलं, आणि ते स्कूटरवर बसून आलं. आधी लँब्रेटा आणि व्हेस्पा देशात बनू लागल्या, १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मिळालेली गाडी मग पंचवीस वर्षं चालवायची असा संकल्पच असे. प्लग बंगळूरच्या मायकोचे. ही कंपनी १९५१ ची, बॉशशी जोडलेली. बाकी सुटे भाग कधी मिळत, कधी नाही. परदेशी भाग तर विसराच, आयातीवर कडक बंधनं होती. या टंचाईने आपल्याकडे एक पिढी घडवली. जे मिळत नाही ते करायचं, जे तुटलं ते जोडायचं. ‘टंचाईने माणसं हुशार होतात’ असं म्हणणारे मला आवडत नाहीत, टंचाईने माणसं दमतातही. पण ती पिढी घडली हे खरं. नांदेडात तिच्यातले बरेच जण मुसलमान आणि शीख वस्त्यांतले होते. त्यांची भाषा दखनी, हिशेब तोंडी, आणि शाळा बहुतेकांची चौथी-पाचवीत सुटलेली.

आता ती हकिकत. गोदावरीवर नांदेडजवळ विष्णुपुरीचा बंधारा झाला आणि मागे शंकरसागर जलाशय पसरला. माझा एक जुना विद्यार्थी, भोई समाजातला, तिथे मासेमारी करतो. घरात पिढ्यान् पिढ्या नावाड्याचा धंदा. १९९६-९७ च्या सुमाराला त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून एक बोटीची मोटर आणली. एका सिलिंडरची, दोरी ओढून चालू करायची, परदेशी बनावटीची आणि वयाने माझ्यापेक्षा थोडीच लहान. दोन महिने बरी चालली. मग एके दिवशी भर जलाशयात बंद पडली ती पडलीच. वल्ही मारत तो काठाला आला, मोटर सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि थेट माझ्या दारात. ‘‘सर, तुम्ही स्कूटरवाले. तुमचा उस्ताद हिला बघंल का?’’

उस्तादांनी आयुष्यात बोटीचं इंजिन पाहिलं नव्हतं. मोटर बाकड्यावर आडवी ठेवली, वरचं झाकण काढलं आणि ते खुदकन हसले. ‘‘मास्टरसाब, ये तो अपनीच गाडी है. पानी में चलती, बस.’’

पुढचा तासभर मी स्टुलावर बसून पाहत होतो. आधी प्लग काढून त्याचं टोक इंजिनाला टेकवलं आणि दोरी ओढली. काहीच नाही. नवा प्लग लावून पाहिला, तरी काही नाही. मग फ्लायव्हीलचं नट सोडवलं. स्कूटरचा पुलर बसेना, म्हणून एका पट्टीला भोकं पाडून दुसरा करून घेतला. हातोडीने ठोकून चाक काढायला त्यांनी साफ नकार दिला, कारण ठोकल्याने चुंबकाची ताकद जाते आणि दांडाही वाकतो. चाक निघालं. आत समुद्राचं मीठ. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, तारांवर हिरवट गंज. अर्धचंद्राची चावी त्यांनी नखावर ठेवून उजेडात फिरवून पाहिली. ती शाबूत होती. कॉइलच्या वेष्टणाला एक चीर होती, तिच्याकडे त्यांनी ‘‘बाद में’’ अशा नजरेने पाहिलं. आणि मग पलाटीन. पात्याची टाच मुळापासून तुटून खाली पडली होती. टाचच नाही तर पातं उचलणार कोण? दोन्ही टोकं कायमची चिकटलेली. प्रवाह तुटत नाही, म्हणून ठिणगी नाही.

तो भाग नांदेडात मिळणं शक्य नव्हतं. मुंबईतही मिळाला असता की नाही, कोण जाणे. बजाजचं पलाटीन लावून पाहिलं, पण भोकाची जागा जुळेना आणि पातं उलट्या बाजूने उघडणारं. उस्तादांनी बिडी पेटवली. मग पोराला शेजारच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पिटाळलं. तो हायलमचा एक तुकडा घेऊन आला. हायलम म्हणजे बेकलाइटच्या जातीचा थर देऊन केलेला कडक तक्ता, विजेच्या बोर्डांना वापरतात तो. त्यातून त्यांनी हॅक्सॉच्या पात्याने तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा तुकडा कापला आणि कानशीने घासू लागले. दोनदा घासून पाहिला, दोनदा फेकून दिला. तिसरा जमला. तुटलेल्या टाचेचा तुकडा मिठाच्या भुकटीत सापडला होता, तोच नमुना. पात्याला जुनं भोक होतंच, त्यात तांब्याच्या तारेचा रिव्हेट करून टाच बसवली. वीज वाहून नेणारं काही टाचेतून कॅमला लागता कामा नये, म्हणून रिव्हेटचं डोकं आत दाबून घेतलं. ही काळजी माझ्या लक्षात आली नसती, त्यांनीच दाखवली.

मग टोकं शून्य नंबरच्या पॉलिश पेपरवर घासली आणि वर कोरा कागद फिरवून पुसली. पॉलिशचा कण राहिला तर टोकं पुन्हा जळतात. कंडेन्सर बजाजचा चालला, पण मूळ जागेत बसेना, म्हणून तो बाहेर पट्टीने बांधला. कॉइलच्या चिरेत ॲराल्डाइट भरून ती रात्रभर ठेवली. दुसऱ्या दिवशी फटीचं माप. फिलर गेज त्यांच्याकडे होता, पण इंजिन कुठलं, माप किती, याचं पुस्तक नव्हतं. त्यांनी खिशातून एक जुनं पोस्टकार्ड काढलं, दुमडून फटीत घातलं, ओढून पाहिलं, स्क्रू आवळला. टाचेखाली ग्रीसचा एक टिपका. म्हणाले, ‘‘सूखी एड़ी घिसती है.’’ (एड़ी म्हणजे टाच. हे माणसालाही लागू आहे, पण ते असो.)

चाक बसवून दोरी ओढली आणि प्लगच्या टोकावर निळी ठिणगी चटकन उडाली. पिवळी आली असती तर काम अपुरं असतं. निळी, आवाज करणारी, म्हणजे जोर आहे. गॅरेजच्या मागे पाण्याने भरलेलं पिंप होतं, मोटरीचा खालचा भाग त्यात बुडवून ती चालवली. कोरडी चालवायची नसते, कारण तिला थंड ठेवणारा रबरी पंखा पाण्याशिवाय मिनिटभरात जळतो. पिंपातलं पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. मजुरी त्यांनी पन्नास रुपये सांगितली. विद्यार्थ्याने पुढच्या रविवारी दोन किलो मरळ आणून दिली.

यानंतर ती टाच किती वर्षं टिकली असेल? विद्यार्थी मोटर रोज चालवायचा, वर्षातून दोनदा उस्तादांकडे आणायचा, आणि त्यांनी तशाच आणखी दोन टाचा करून डबीत ठेवल्या होत्या. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून प्रचंड पाणी सोडलं गेलं आणि पैठणपासून नांदेडपर्यंत काठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्या दिवशी आमच्या भागात माणसं काढायला दोन होड्या आल्या. एक सरकारी, नव्या मोटरीची. कोणत्या कार्यालयाची ते इथे लिहीत नाही. ती मोटर आणल्यापासून गोदामात होती, वर्षानुवर्षं तिला पाणी लागलेलं नव्हतं. दोऱ्या ओढून दोन पोलिसांचे हात सोलले, ती चालू झाली नाही. दुसरी होडी माझ्या विद्यार्थ्याची. त्याने दुपारपर्यंत खेपा केल्या. म्हाताऱ्या, पोरं, एक शेळीसुद्धा. नंतर तो मला एवढंच म्हणाला, ‘‘सर, रोजची होती म्हणून चालली.’’

या वाक्याने मला पुन्हा वाचायला बसवलं. ठिणगीचे भाग वापराने झिजतात हे सगळे जाणतात. न वापरल्याने ते अधिक लवकर मरतात, हे कमी जण जाणतात. पलाटीनची टोकं रोज उघडझाप करत असली तर एकमेकांना घासून स्वच्छ राहतात. नुसती पडून राहिली तर त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारा गंजाचा पापुद्रा धरतो आणि तेवढा पापुद्रा वीज अडवायला पुरतो. कॉइल दमट हवेत ओल धरते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. समुद्रकाठच्या रोज चालणाऱ्या मोटरीला पडून राहण्याचे हे भोग नसतात. आमच्या मराठवाड्यातल्या मोटरीला ते आहेत. आमच्याकडे होडी लागते ती पाच-सात वर्षांतून एक दिवस, पण त्या दिवशी ती लागतेच.

२०१६ हे वर्ष आठवा. लातूरला मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशाने ती ‘जलदूत’ पाहिली. आणि त्याच वर्षी सप्टेंबर सरता सरता असा पाऊस पडला की मांजरेला पूर आला आणि पाण्यात अडकलेल्यांना काढायला राष्ट्रीय आपत्ती दलाच्या बोटी बोलवाव्या लागल्या. सहा महिन्यांत, त्याच गावात! आता विचार करा. त्या एप्रिलमध्ये लातुरातल्या एखाद्या गोदामात बोटीची मोटर असती आणि पावसाळ्याआधी ती चालवून पाहायची कुणाला बुद्धी झाली असती, तर तिला बुडवायला पिंपभर पाणी लागलं असतं. घागरींच्या रांगेसमोर ते पिंप भरायची कुणाची छाती झाली असती? मोटर चालू न होण्याचं कारण नेहमी आळस नसतो, एवढंच मला म्हणायचं आहे. आपत्ती दलाचा तळ पुण्याजवळ, राज्याचं दल धुळ्याला आणि नागपूरला. ती माणसं जीव तोडून येतात, पण वाट शेकडो किलोमीटरची आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पाण्याने रात्रीत गावं वेढली, माणसं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. पहिले काही तास गावाचे असतात, आणि त्या तासांत जी काय होडी जवळ असेल तीच.

आता पलाटीन संपलं. १९८० च्या दशकात जपानी सहकार्याच्या मोटारसायकली आल्या, त्यांच्याबरोबर सीडीआय नावाची काळी डबी आली. परदेशात बोटीच्या मोटरींत ती त्याआधीच येऊ लागली होती. तिच्यात घासणारं, झिजणारं काही नाही. फट लावायला नको, टाच नको. जुन्या चेतकचं उत्पादन थांबलं (आता त्या नावाची विजेवरची गाडी आहे, तिला तर ठिणगीच नको). एव्हिनरूड हे नाव असलेल्या मोटरी २०२० मध्ये बंद झाल्या. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. काळी डबी पलाटीनपेक्षा कितीतरी भरवशाची आहे, आणि पावसात स्कूटर ढकलण्यात काही काव्य नव्हतं. पण तिच्या आत राळ ओतून ती बंद केलेली असते. ती मेली की तिच्याकडे पाहून काही कळत नाही. उजेडात धरून नखावर फिरवण्यासारखं तिच्यात काही नाही. दुसरी आणावी लागते, आणि ती मिळेपर्यंत थांबावं लागतं. तुटलेल्या टाचेचं दुखणं डोळ्यांना दिसत होतं, म्हणून हायलमच्या तुकड्याने ते बरं झालं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी गॅरेजला लागलेला पोरगा ते पाहता पाहता शिकायचा. आता तो डबी बदलायला शिकतो. त्यात त्याचा काय दोष?

उस्ताद आता नाहीत. गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो, बॅटरीच्या गाड्यांचं काम जास्त असतं. भिंतीवर खिळ्याला एक पत्र्याचा डबा अजून आहे, त्यात गेल्या चाळीस वर्षांतली पलाटीनं, कंडेन्सर आणि अर्धचंद्राच्या चाव्या. फेकून का देत नाहीस, असं विचारलं तर म्हणतो, ‘‘अब्बा का है.’’ अधूनमधून कुणी जुन्या येझदीचा शौकीन येतो आणि त्यातलं काही घेऊन जातो.

माझ्या विद्यार्थ्याने चार वर्षांपूर्वी नवी मोटर घेतली, काळ्या डबीची. जुनी त्याने विकली नाही, घरात छताला टांगून ठेवली आहे. नवी चांगली चालते, तेल कमी खाते, धूर नाही. गेल्या पावसाळ्याआधी मी जलाशयावर गेलो होतो तेव्हा तो ती पाण्यात चालवून पाहत होता. एक जादा डबी त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नावेत ठेवली होती. वल्हीही तशीच तिथे होती, दोन्ही बाजूंना एकेक.